पाण्याचं कडवं

गाणं शिकवताना वस्तादचाचा आधी पाय शिकवायचे. मोहरमात आम्ही करबल खेळायचो, म्हणजे रिंगण धरून, रुमाल उडवत, नाचत गाणी म्हणायचो. खेळणारी निम्मी पोरं आम्हा हिंदूंच्या घरातली. ओळ चुकली तर चाचा सोडून देत. पाऊल चुकलं की थांबवत. "शब्द काय, तोंडात बसत्यात. पाय बसला पायजे." एरवी ते कापूस पिंजायचे. आमच्या कुंभारी गावातल्या कितीतरी गाद्या त्यांच्याच हातच्या.

शेवटचं गाणं करबलाच्या मैदानातलं. समोर नदी वाहते, पण शत्रूनं पाणी अडवलेलं, आणि तान्हं लेकरू तहानेनं तळमळतं. खरं तर ते रडायचं गाणं, पण ते आलं की आम्हाला चेव यायचा. शिट्ट्या वाजत. बाया दारातून तांब्यानं आमच्या पायांवर पाणी घालत, आणि त्या चिखलात पाय आपटायला आम्हाला फार आवडे.

बहात्तरच्या दुष्काळात चाचांची नात मुन्नी गेली. खडी फोडायच्या कामावर आईबरोबर गेली होती, तिथं डबक्यातलं पाणी प्यायली. जुलाब थांबेनात, म्हणून चाचांचा मुलगा रशीद तिला खांद्यावर टाकून सोलापूरच्या दवाखान्याकडे निघाला. वाटेतच ती संपली.

त्या मोहरमात एका बाईनं सवयीनं तांब्या आणला. चाचा म्हणाले, "नगं माय, पायावर नगं. पोरास्नी पाज." मग शेवटचं गाणं सुरू झालं. कोणी न सांगता आमची पावलं संथ पडली. शिट्टी वाजली नाही. त्यातलं पाण्याचं कडवं लहानपणापासून पाठ होतं. ऐकलं मात्र त्या दिवशी, असं मला वाटतं.

पुढची काही वर्षं ते तसंच संथ म्हटलं जाई. मग चाचांना दम्यानं धरलं आणि रिंगण रशीदभाऊकडे आलं. मी तोवर सोलापूरला कॉलेजात होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे आपल्याला बरंच कळतं असं वाटू लागलं होतं. मोहरमला गावी आलो, तर रशीदभाऊनं तेच गाणं बँडच्या उडत्या चालीवर धरलेलं. पोरं पुन्हा शिट्ट्या मारत होती.

मी कट्ट्यावर बसलेल्या चाचांना म्हणालो, "रशीदभाऊनं गाण्याची पार वाट लावली. तुमी कसं बोलत न्हाई?"

"कालेजात बघाय शिकवत न्हाईत व्हय रं? त्याच्या तोंडाकडं बघ की."

मी पाहिलं. रशीदभाऊचे डोळे मिटलेले होते आणि तो ढोलाच्याही पुढं धावत होता.

"हळू म्हटलं की पोरगी खांद्यावर येती त्येच्या," चाचा धापा टाकत म्हणाले. "मग गाणं पुरं हुईना. पळू दे त्येला." आणि मांडीवर थाप मारत त्यांनी तोच उडता ठेका धरला.

पुढच्या पावसाळ्यात चाचा गेले. त्या मोहरमात मी रिंगणात उतरलो. पाण्याच्या कडव्याशी आलो आणि रशीदभाऊचा आवाज मध्येच तुटला. पोरं गोंधळून थांबू लागली. मला गाता येत नाही. तरी होता नव्हता तेवढा जोर लावून मी ती ओळ उचलली आणि त्याच धावत्या चालीत शेवटापर्यंत नेली.