तिच्या पेन्सिलीवर माझी शाई

आमच्या घरी कोणताही फॉर्म आधी पेन्सिलीनं भरला जायचा. शिष्यवृत्तीचा असो, गॅसच्या जोडणीचा असो, ज्याचा फॉर्म त्यानं पेन्सिलीनं भरायचा आणि माझ्या टेबलावर ठेवून द्यायचा. मी तो शाईच्या पेनानं पक्का करायचो आणि शाई नीट वाळली की खोडरबरानं खालची पेन्सिल पुसून टाकायचो. वाडी या उपनगरातल्या एका शाळेत मी मराठी शिकवत असे. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणत. शाळेतली प्रमाणपत्रं माझ्याकडून लिहून घेत, शेजारपाजारचे लोकही कागद घेऊन यायचे. या गोष्टीचा मला थोडा अभिमान होता. तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

माझ्या मुलीला आठव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात अडीच वर्षं उपचार चालले आणि ती बरी झाली. ‘बरी झाली’ हे दोन शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकले त्या दिवशी मी घरापर्यंत कसा आलो, ते मला आठवत नाही. पुढे ती शाळेत गेली, कॉलेजात गेली. वर्षातून एकदा तपासणी व्हायची. एकविसाव्या वर्षी तिचं हृदय थकलं आणि चार महिन्यांत ती गेली. लहानपणी ज्या औषधांनी तिला वाचवलं, त्यांतल्याच काहींनी इतक्या वर्षांनी हृदय कमजोर होऊ शकतं, असं आम्हाला सांगण्यात आलं. हे कदाचित आधीही सांगितलं असेल. त्या काळात आम्ही फक्त एवढंच ऐकत होतो की पोरगी वाचेल का.

ती एकोणीस वर्षांची असताना दवाखान्यातून दोन फॉर्म आले होते. तिथल्या एक संशोधक बाई, लहानपणी रक्ताचे आजार झालेली मुलं पुढे कशी जगतात, याचा अभ्यास करत होत्या. एक फॉर्म आईवडिलांसाठी होता, एक तिच्यासाठी. जिने चढताना दम लागतो का, झोप लागते का, आजार परत येईल अशी भीती वाटते का, मैत्रिणींपेक्षा आपण वेगळ्या आहोत असं वाटतं का. प्रत्येक प्रश्नासमोर ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच उत्तरं होती, त्यांतल्या एकाला गोल करायचा.

तिनं पेन्सिलीनं गोल केले आणि फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. घरची पद्धतच ती.

मी शाई करायला बसलो. जिन्याच्या प्रश्नाला तिनं ‘नेहमी’वर गोल केला होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे. ती पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबते, हे मला माहीत होतं. पण फोनवर बोलण्यासाठी थांबते असं मी धरून चाललो होतो. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. ज्या लोकांनी आपलं लेकरू परत दिलं त्यांच्याकडे तक्रारींचा कागद पाठवायचा, हे मला बरं दिसेना. लग्नाच्या पंगतीत जेवून उठल्यावर यजमानाला भाजीत मीठ कमी होतं असं सांगावं, तसं ते वाटलं. मी ‘क्वचित’वर शाईनं गोल केला. आणखी तीन उत्तरंही अशीच एकदोन घरं अलीकडे सरकवली. मग शाई वाळू दिली आणि पेन्सिल पुसली. मनात पाप नव्हतं. शाळेत मुलांचे निबंध तपासताना फार कडू वाक्य मी थोडं सौम्य करत असे, तितकंच ते मला वाटलं.

ती गेल्यानंतर दीड वर्षानं त्या संशोधक बाईंचा फोन आला. “काका, एकदा येऊन जाल का? अभ्यास लिहून होत आलाय. तिचा फॉर्म त्यात ठेवायला तुमची संमती पाहिजे.” मग त्या म्हणाल्या, “तिची उत्तरं फार छान आहेत. नव्या पालकांना आम्ही समजावून सांगतो ना, की मुलं पुढे चांगली जगतात, तेव्हा नाव न सांगता तिचाच फॉर्म दाखवतो.”

मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. बायकोनं विचारलं, कोणाचा फोन. मी म्हणालो, दवाखान्याचा, सही पाहिजे. तिनं पुढे विचारलं नाही.

त्यानंतरचे चार दिवस मी एकच गोष्ट उलटसुलट करत होतो. सांगितलं तर तिचा फॉर्म बाद होईल. तिचे कपडे दिले होते, पुस्तकं कॉलेजला दिली होती. कुठेतरी एका अभ्यासात ती अजून मोजली जाते आहे, हे मला हवं होतं. आणि नाही सांगितलं तर माझा खोटेपणा तिच्या नावानं उभा राहणार, आणि तो पाहून दुसरे आईबाप निर्धास्त होणार. जाताना बसमध्ये बसलो तेव्हा मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. सही करायची आणि यायचं.

दवाखान्यात बाईंच्या खोलीबाहेर बाकावर एक आई आणि तिची बारातेरा वर्षांची मुलगी बसल्या होत्या. कुहीकडच्या एका खेड्यातून आल्या होत्या. मुलीला सिकलसेल होता. तो रक्ताचाच आजार, जन्माचा, त्यात सांधे असे दुखतात की माणूस तळमळतो. आईच्या मांडीवर तसेच दोन फॉर्म होते, शाळकरी मुलांच्या नव्या अभ्यासाचे. माझ्या खिशातला पेन पाहून ती म्हणाली, “भाऊ, तुमी लिहून देता काय? आमचं लिहिणं कच्चं हाय.”

“मले येते ना लिहिता,” मुलगी म्हणाली.

“तुले येते, पन तू काही बी लिहिशील.”

“काही बी काहून लिहीन? जे होते ते लिहीन.”

मी फॉर्म घेतला. सवयच ती. पहिला प्रश्न वाचला, मागच्या महिन्यात दुखण्यामुळे शाळा बुडाली का.

“नाही बुडाली,” आई म्हणाली.

“बुडाली ना वं माय! आठ दिवस घरी होती मी. तूच तं तेल लावून राहिली होती पायाले.”

“ते थंडीनं होतं.”

“थंडी फक्त माह्याच पायाले वाजते काय?”

मला हसू आलं. आईलाही आलं, पण तिनं ते पदरात लपवलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, डॉक्टरसायब एवढं करून राहिले आमच्यासाठी. औषधाच्या गोया फुकट, रक्त फुकट. अन् हे पोरगी लिहीन की दुखते. त्यायले काय वाटंल? चांगलंच लिहा तुमी.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. ती चिडली नव्हती. हा माणूस आता काय लिहितो, एवढंच तिला बघायचं होतं. माझ्या हातात पेन होता, कागद होता, आणि बोटं चालेनात. मी फॉर्म मुलीच्या हातात दिला, पेनही दिला. “तिला लिहू द्या,” मी आईला म्हणालो. ती नाराज झाली. “घ्या,” ती म्हणाली, “शिकलेले लोक बी हिच्याच बाजूनं.”

तेवढ्यात आतून मला बोलावलं.

संशोधक बाई माझ्या मुलीपेक्षा सातआठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. मी म्हणालो, “मॅडम, तिचा फॉर्म बघू द्या.” त्यांनी फाईल काढून दिली. माझं अक्षर, माझे गोल. शाई जराही फिकट झाली नव्हती.

“यातली काही उत्तरं तिची नाहीत,” मी म्हणालो. “मी बदलली.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी घरच्या पद्धतीपासून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “कोणती कोणती, काका?”

“जिन्याचं. तिनं ‘नेहमी’ लिहिलं होतं.”

“आणि?”

मी फॉर्मवरून बोट फिरवत गेलो. झोप, भीती, मैत्रिणी, भूक, थकवा. आणखी तीन होती, एवढं मला नक्की माहीत होतं. कोणती तीन, ते आठवेना. मी पुन्हा वरपासून सुरुवात केली. बाईंनी कागद खिडकीकडे नेला, उजेडात तिरपा धरला, पेन्सिलीचा एखादा वळ दिसतो का पाहिलं. काही दिसलं नाही. पेन्सिल दाबून लिहू नये, हे मीच तिला पहिलीत असताना शिकवलं होतं.

“हा फॉर्म काढावा लागेल,” त्या म्हणाल्या.

“पूर्ण?”

“पूर्ण. तुम्हा दोघांचा, आईवडिलांचा फॉर्म ठेवता येईल. तिचा नाही.”

मला आणखी एक गोष्ट विचारायची होती. ती विचारायला मी घरून निघालो नव्हतो, पण आता तिथून उठवेना. “तिचं ‘नेहमी’ तुमच्यापर्यंत आलं असतं तर?”

बाईंनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, “खोटं नाही सांगत. दम लागतो असं ज्यांनी लिहिलं होतं, त्यांना आम्ही हृदयाच्या तपासणीला बोलावलं होतं.” आणि फाईल बाजूला सारून, “आली असती तर काय झालं असतं, ते मात्र मलाही नाही सांगता येत. कोणालाच नाही सांगता येणार, काका.”

त्यांनी एक कोरा कागद आणि आपला पेन दिला. या फॉर्मवरील उत्तरांत मी बदल केले आहेत, असं मी त्यावर लिहून दिलं. पहिल्यांदाच एक कागद मी कच्चा न करता लिहिला, आणि अक्षर वाईट आलं.

बाहेर आलो तेव्हा बाकावर दुसरं कोणी बसलं होतं. मुलीला दिलेला पेन मी मागायला गेलो नाही.

घरी आल्यावर जिन्याच्या वळणावर मी थांबलो नाही, सरळ वर गेलो. बायको तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिचे हात चालूच होते. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला बोलेल. तिनं बोलावं असं मला फार वाटत होतं.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“तुमी बदललं ते. फॉर्म नेऊन द्याच्या आधी तिनं पाहिला होता. मले म्हणे, आई, बाबानं पाहा काय करून ठेवलं. मी म्हटलं, मंग सांग त्यायले. तं म्हणे, राहू दे वं, बाबाले बरं वाटते तसं.”

तिनं एक खडा बाजूला टाकला.

“मी बी राहू देलं,” ती म्हणाली. “मले वाटे अशक्तपणा आहे. रोज गूळ-शेंगदाणे देत होती मी तिले.”

खाली गोदामात ट्रकमधून पोती उतरवत होते, त्यांचा आवाज येत होता.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. तिचा फॉर्म अभ्यासातून निघाला आहे. बाईंनी तसं फोन करून कळवलं, कळवायची गरज नव्हती तरी. बायको आणि मी बोलतो, जेवतो, एकमेकांना औषधांची आठवण करून देतो. मुलगी त्या दिवशी फॉर्म हातात घेऊन आईजवळ उभी होती, म्हणजे बाकीची तीन उत्तरंही तिनं आईला दाखवली असतील. भीतीचं असेल. झोपेचं असेल. बायको समोरच असते. मी अजून तिला विचारलेलं नाही.