साध्या गाठीची खोड

लेक अडीच वर्षांची होती तवा तिच्या उजव्या हातावर, कोपराखाली, गाठ आली. यवतमाळले काढली, तपासाले धाडली. "कॅन्सर नाही, साधी गाठ हाय," असं डॉक्टरनं सांगतलं. माह्या नवऱ्यानं राळेगावात उतरल्या उतरल्या पेढे घेतले अन् गावभर वाटले.

सोयाबीन निघेपर्यंत तीच गाठ त्याच जागी परत आली, पहिलीपेक्षा मोठी. बोटं वळेनात. पोरगी घास डाव्या हातानं उचलू लागली.

सासूनं बिबा तापवला. आमच्याकडं काही सुजलं, दुखलं, की गरम बिब्याचा डाग देतात. तिच्या गुडघ्यावर तसे डाग हायेत. "चटका बसला का जिरते," म्हणे. मी पोरीले कडेवर घेतलं अन् दारात उभी राह्यली.

"आई, कातडी जळली त डॉक्टर हात लावन का तिले?"

"आमची लेकरं काय बिब्यानं मेली?"

"नाही मेली. पण हिच्या हाताले बिबा लागणार नाही म्हंजे नाही."

बुढी माह्याशी बोलेनाशी झाली. नाही त नाही. मी नागपूरची एसटी धरली.

तिथल्या डॉक्टरीणबाईनं नीट समजावलं. ही गाठ अंगात दुसरीकडं जात नाही, पण बसली तिथंच फैलते, नसा अन् स्नायू गिळते. लहान लेकरात त लयच जोर करते. पुन्हा पुन्हा कापलं त हातच जाईल. औषधानं दाबून पाहू, म्हणे. मले असा राग आला. साधी म्हणे, अन् ओसरी दिली त पाय पसरून राह्यली!

मग दर आठवड्याले नागपूर, सुई, वापस. इकडं कापूस फुटून लोंबत होता. नवरा म्हणे, "या आठवड्यात राहू दे, वेचणी हाय."

"कापूस पुढच्या साली बी पिकन," मी म्हटलं. "हात पिकत नाही."

सकाळी तो पोरीले खांद्यावर घेऊन स्टँडवर माह्या आधी हजर होता.

उन्हाळा लागता लागता गाठ वाढाची थांबली. तरी डॉक्टरीणबाई तिच्या हातात बोट देऊन "दाब" म्हणत, त पोरगी नुसती पाहत राहे. एका दिवशी सुई झाल्यावर रडून रडून लाल झालती. मी उचलाले वाकली, त तिनं फाडकन माह्या थोबाडीत हाणली. उजव्या हातानं. नवरा तिच्यावर डाफरला. मी त्याले गप केलं.

"आणखी एक दे, माय," मी म्हटलं.