पाहुण्याला आणायचं कशात?

धावपट्टीच्या कडेचं गवत आणि धावपट्टीवरचे किस्से, दोन्ही एकाच जातीचे. कापा, गोळा करा, बांधावर टाका. जरा पाठ फिरवली की पुन्हा गुडघ्याला लागतात. गवत मी आयुष्यभर कापलं. किस्से काप म्हणून कोणी सांगितलं नाही, म्हणून ते माजले!

आमची पट्टी जळगावच्या बाजूची. नाव सांगत नाही, लोक हसतात. कधी शिकाऊ पोरांची विमानं, निवडणूक आली की पुढाऱ्यांची, आणि बाकी वर्षभर टिटव्या. माणसं आम्ही चार. देवरे साहेब पट्टीचे मुख्य. सुमनअक्का झाडलोट करायची आणि चहा पाजायची. काशिनाथ आबा आगीच्या बंबाचा ड्रायव्हर. आणि मी गवतवाला. मला सगळे नाना म्हणतात. शाळेत मी गेलो नाही, त्यामुळे विमानातलं मला काही कळत नाही. पण माणूस विमानातून उतरला की कसा चालतो, ते बघून बघून कळतं.

* * *

आधी आबाची ओळख करून देतो, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

आबा दोंडाईचाकडचा, बोली अहिराणी. बंब म्हणजे त्याची लेक! सकाळी टाकीत पाणी भरायचं, त्याच पाण्यानं बंब धुवायचा, फडक्यानं पुसायचा आणि रिकामी झालेली टाकी पुन्हा भरून ठेवायची. बंबाला जुन्या पद्धतीची पितळी घंटा, तिला दोरी. त्या दोरीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. एका आमदारानं हौसेनं हात लांबवला, तर आबानं सरळ सांगितलं, "साहेब, हाई देवळातली नही. आग लागनी तरच वाजाडतस."

एकदा तपासणीला साहेब आले. बंब आरशासारखा चमकत होता. साहेबांनी विचारलं, "आजपर्यंत या बंबानं किती आगी विझवल्या?"

आबा ताठ उभा. "एक बी नही, साहेब. हाऊ उभा दिसना की आग येतच नही!"

साहेब शेरा मारून गेले: 'समाधानकारक.'

पण आबाचं मन समाधानी नव्हतं. रिटायरमेंट महिन्यावर आली, तसा तो चहा पिताना एकच गोष्ट बोलायला लागला. "नाना, मना बंबवर भरोसा ठेईसन एक तरी मोठा माणूस आठे उतरू दे. मंग मी सुखे घर जास."

मी म्हणायचो, "उतरेल रे." दुसरं काय म्हणणार?

* * *

आणि एके दिवशी देवरे साहेब फोन ठेवून धावतच बाहेर आले. एका लांबच्या बेटाचे राष्ट्राध्यक्ष आपल्या देशात आले होते. त्यांच्याकडेही केळीच पिकतात. त्यांना आमच्याकडची केळीची बाग बघायची होती, आणि बाग ठरली होती भास्करभाऊंची, आमच्या पट्टीपासून थोड्याच अंतरावर!

आबानं हातातला कप खाली ठेवला.

"पण पाहुण्यांना आणायचं कशात, ते ठरायचंय," देवरे साहेब म्हणाले. "मोठं विमान आलं तर त्याच्याबरोबर मोठा बंब बाहेरून येणार. हेलिकॉप्टर आलं तर ते थेट बागेत उतरणार. छोटं विमान आलं तरच आपली पट्टी आणि आपला बंब."

अक्का म्हणाली, "म्हणजे तिन्हींत एकच आपलं."

आबा उठला आणि धुतलेला बंब पुन्हा धुवायला लागला!

* * *

पट्टी बघायला दिल्लीहून कॅप्टन साहेब आले. उंच, मिशा कापलेल्या, हसणं घरी ठेवून आलेले. मुलगी बघायला येतात तसेच आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, वाकून डांबर बघितलं, टाच आपटून बघितली. आम्ही मागे, मुलीकडचे!

शेवटी देवरे साहेबांनी धीर करून विचारलं, "सर, मोठं विमान?"

कॅप्टन साहेब पट्टीच्या टोकाकडे बघत म्हणाले, "उतर तो जाएगा."

देवरे साहेबांचा चेहरा फुलला.

"उडेगा नहीं."

तेवढ्यात मागून आबा म्हणाला, "मंग मुक्काम करू द्या ना पाहुणाले! आपलाकडे भाकरीले काय तोटा शे?"

कॅप्टन साहेबांनी विचारलं, हे काय म्हणाले? देवरे साहेबांनी सांगितलं, "सर, ते म्हणतात, आपण योग्य बोललात."

मोठं विमान कटलं!

* * *

मग हेलिकॉप्टरची पाळी. आधी रंगीत तालीम करायचं ठरलं. भास्करभाऊंच्या बागेशेजारी मोकळ्या रानात चुन्याचा मोठा गोल आखला. भास्करभाऊ मुक्ताईनगरकडचे, केळीवाले, बोलणं हळू. ते म्हणाले, "साहेब, जरा दूर उतरवा. केळीले वारं सोसत नाही."

कॅप्टन साहेब म्हणाले, "दो मिनट की हवा है."

हेलिकॉप्टर आलं. काय तो वारा! धूळ उडाली, देवरे साहेबांची टोपी बांधापलीकडे गेली, अक्कानं खांब धरला. धूळ खाली बसली तेव्हा कडेच्या ओळींच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि निसवलेली, म्हणजे घड लागलेली, चार-पाच झाडं आडवी पडली होती.

भास्करभाऊ ओरडले नाहीत. एक चिंधी हातात घेऊन कॅप्टन साहेबांपुढे आले आणि म्हणाले, "पाव्हण्यायले केळी दाखवायची का हेलिकॉप्टर? दोन्ही एका दिवशी जमणार नाही."

तिकडे बांधावर भाऊंच्या म्हाताऱ्या आई उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली, "अरे, बैलगाडीत आना त्यायले! पन ह्या पंख्यानं नका आनू!"

कॅप्टन साहेब पडलेल्या झाडांपाशी गेले. मग स्वतःच्या हातानं एका झाडाला टेकू लावला. टेकू काही टिकला नाही, पण हेलिकॉप्टर त्या दिवशीच कटलं.

उरलं छोटं विमान. संध्याकाळी आबानं घंटा सुद्धा चिंचेनं घासली!

* * *

छोट्या विमानाची चाचणी म्हणून ते एकदा रिकामंच उतरवायचं ठरलं. आता आमच्याकडे सायकल जरी नवी आली तरी तिला नारळ फुटतो. ट्रॅक्टरला फुटतो, बोअरच्या मोटरला फुटतो. मग राष्ट्राध्यक्षांच्या विमानाचं काय!

अक्का ताट घेऊन आली: हळद, कुंकू, लिंबू, नारळ. आबा म्हणाला, विमान उतरल्यावर पंख्याजवळ कोणी जाऊ देणार नाही, आधीच फोडू. गेले दोघं पट्टीच्या तोंडाशी. नारळ वाढवला. तो असा वाढला की तुकडे पार मधल्या पट्ट्यापर्यंत!

इकडे विमान दिसायला लागलं आणि देवरे साहेब खोलीतून ओरडत बाहेर आले. "अरे, खडासुद्धा इंजिनात गेला तर विमान संपतं! उचला! उचला आधी!"

मग काय, आम्ही चौघं गुडघ्यावर. देवरे साहेब सुद्धा! करवंटी खिशात, खोबरं तोंडात, कारण ठेवायला जागा नव्हती. वर विमान घिरट्या घालतंय. देवरे साहेबांच्या कमरेच्या वायरलेसवर वैमानिकानं विचारलं, खाली पट्टीवर माणसं रांगताहेत, काय चाललंय?

देवरे साहेबांनी तोंडातलं खोबरं गिळलं आणि ठसक्यात सांगितलं, "फायनल क्लीनिंग, सर!"

विमान उतरलं. त्यातून कॅप्टन साहेब उतरले. दोन पावलं चालले, वाकले आणि पट्टीच्या कडेला राहिलेला खोबऱ्याचा एक तुकडा त्यांनी उचलला. त्यांनी तो उलटसुलट बघितला, फुंकला आणि तोंडात टाकला.

"पट्टी पास," ते म्हणाले.

* * *

छोट्या विमानाची एक अडचण असते. त्यात वजन मोजूनमापून न्यावं लागतं. पाहुणे, त्यांची माणसं, सामान सगळं धरून परतीच्या वेळी थोडीशीच जागा उरत होती. आणि त्या जागेवर दोघांचा दावा होता. एक भास्करभाऊंनी भेट द्यायचा केळीचा घड. दुसरे जिल्ह्यातले एक पुढारी. त्यांना मुंबईपर्यंत पाहुण्यांबरोबर जायचं होतं, उतरताना फोटो निघतो म्हणून!

कॅप्टन साहेब म्हणाले, दोघांपैकी एक. वजन करा.

पट्टीवर काटा नव्हता. जवळच्या जिनिंगवरून कापूस मोजायचा काटा आणला. आधी घड ठेवला. भाऊंनी असा निवडला होता की दोन माणसांनी उचलावा! मग पुढारी चढले. चढायच्या आधी त्यांनी मोबाइल काढून ठेवला, घड्याळ काढलं, चपला काढल्या.

काटा गेला खाली!

"मी दोन दिवस उपाशी राहतो," पुढारी म्हणाले.

कॅप्टन साहेबांनी मान हलवली. "घड जाएगा."

पुढारी चिडले. "त्या घडाला काय कळतंय विमानातलं?"

अक्का चहा ओतत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही कळत अण्णा. पण उतरल्यावर तो भाषण तर करत नाही!"

* * *

आला एकदाचा तो दिवस. हिवाळा होता, बागेच्या वाटेवर फुफाटा. देवरे साहेबांनी आबाला सकाळीच सांगितलं, "वाटेवर थोडं पाणी मारून या. पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ नको."

थोडं म्हणाले होते. पण आबाच्या बंबाला पहिल्यांदाच काम मिळालं होतं हो! आयुष्यभर बंबाच्या पाण्यानं बंबच धुतला. त्या सकाळी आबानं पाइप सोडला तो टाकी कोरडी होईपर्यंत. मी म्हटलं, "आबा, बास." तो म्हणाला, "जराखा आखो." मग टाकी भरून आम्ही पट्टीवर येऊन उभे राहिलो.

विमान उतरलं. अगदी अलगद! आबा बंबाशेजारी ताठ, सलामीचा हात कपाळाला. राष्ट्राध्यक्ष उतरले, ठेंगणे, हसरे, पांढरा सूट. हार झाले, फोटो झाले. गाडीत बसले आणि निघून गेले. बंबाकडे त्यांनी बघितलं सुद्धा नाही.

"उतरना ना पण?" आबा म्हणाला.

"उतरला," मी म्हटलं.

"मंग झालं." आणि फडकं काढून बंब पुसायला लागला. पण नेहमीसारखा हात चालत नव्हता.

ऊन कलायला लागलं आणि फोन वाजला. बागेकडे जाताना गाड्या कशाबशा गेल्या होत्या. येताना सगळ्या रुतल्या! काळी माती, तिला आबानं पाजलेलं पाणी, आणि वरून इतक्या गाड्यांची चाकं. पुढची निघेना, मागची हलेना. ट्रॅक्टर लावला तर दोरखंड तुटला. आणि आमच्या पट्टीला दिवे नाहीत. दिवस मावळायच्या आत विमान उडालं नाही तर उडणारच नव्हतं.

देवरे साहेब आबाकडे बघून एवढंच म्हणाले, "आबा, नोकरीच्या शेवटच्या महिन्यात राष्ट्राध्यक्ष चिखलात घातला तुम्ही."

आबाचं तोंड पडलं. खाली मान घालून तो म्हणाला, "बंब जाई तठून. चाकं मोठी शेतस."

"त्यात पाहुणे बसवायचे? परवानगी कोण देणार?"

कॅप्टन साहेब विमानाच्या शिडीशी उभे राहून सूर्याकडे बघत होते. मोठं विमान त्यांनीच काढून टाकलं होतं, हेलिकॉप्टरही त्यांनीच. ते वळले आणि ओरडले, "जो चलता है, उसमें लाओ!"

आबानं बंब असा काढला की टिटव्या उडाल्या! मी शेजारी. चिखलात चाकं फिरली, घसरली, धरली. पाहुणे वाटेच्या कडेला उभे, सूट पोटरीपर्यंत काळा, बूट मातीनं भाकरीएवढे झालेले. बरोबरची माणसं हातवारे करत होती, ही गाडी मंजूर नाही म्हणत होती. पाहुण्यांनी कोणाकडे बघितलं नाही. बंबाकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. आणि मातीचा बूट डावीकडच्या पायरीवर ठेवला.

मी भाऊंनी दिलेला घड घेऊन मागे शिडीवर गेलो, बरोबरची माणसंही मग तिथेच चढली.

मधल्या खिडकीतून ऐकू आलं, आबा पाहुण्यांना म्हणाला, "दार आपसूक उघडी जास, साहेब. दांडी धरा."

पाहुण्यांना अहिराणी काय कळणार! पण त्यांनी एका हातानं दांडी धरली. मग वर बघितलं. वर दोरी होती. त्यांनी आबाकडे बघितलं, आणि दोरीकडे बोट केलं.

आबानं समोरच्या वाटेवरची नजर काढली नाही. नुसती होकाराची मान डोलावली.

बागेपासून विमानापर्यंत ती घंटा वाजत आली! बांधावरची माणसं आग कुठे लागली म्हणून पळत सुटली. अक्का सांगते, पट्टीवर कॅप्टन साहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले. पाहुणे उतरले, घड चढला, विमान उजेड असताना उडालं.

त्यानंतर महिना संपेपर्यंत आबानं बंब रोज धुतला, रोज पुसला. डावीकडची पायरी सोडून.