शेजार चॅनेल कुणाचं होतं

शब्बीरभाई आज गेले, आणि त्यांनीच काढलेल्या चॅनेलवर त्यांच्या मरणाची पट्टी लागली नाय.

लागली नाय ती आमच्या घरामुळं. म्हणून लिहितेय.

संज्या, तू वाचशीलच. "आई, डिलीट कर" म्हणून फोन करू नको. उचलणार नाय.

नव्या लोकांना ठाऊक नसंल. उस्मानपुऱ्यात आपलं स्वतःचं केबल चॅनेल होतं. शेजार चॅनेल.
शब्बीरभाईंचं कॅसेटचं दुकान आणि आमच्या ह्यांची गच्ची. गच्चीवर डिशची छत्री बसवली, खालच्या खोलीत मशीन. दोघं पार्टनर.

कागद मात्र सगळे ह्यांच्या नावावर. शब्बीरभाई म्हणाले, "ऑफिसात चकरा मारायचं मला जमत नाय. तुम्हीच नाव लावा."
जबान दिली की झालं, असं मानणारा येडा माणूस.

चॅनेलवर पिक्चर लागायचे, गणपतीची मिरवणूक दिसायची, उरुसाची कव्वाली दिसायची.

पण शब्बीरभाईंचा एक कायदा होता. कुणाचं मयत झालं की टीव्हीच्या खालून सरकती पट्टी. नाव, घर कुठं, कधी उचलणार.
फुकट. मग तो कुणीबी असो.

एकदा मॅच रंगात आलेली आणि शब्बीरभाईंनी लावली पट्टी. स्कोअर झाकला. फोनवर नुसत्या शिव्या.
आमचे हे म्हणाले, "शब्बीर, ओव्हर तरी संपू दे की."
"भाई, मॅच कल भी होगी. याला खांदा आजच लागतो."

आमचे हे गेले तेव्हा पट्टी त्यांनीच लावली. लावायच्या आधी मला वाचून दाखवली.
"वहिनी, नाव बरोबर आहे ना?"
पार मुकुंदवाडीहून माणसं आली. चपलांचा ढीग शेजारच्या दारापर्यंत.

त्यानंतर वर्ष सरलं नाय तर आमचा संज्या त्यांना म्हणाला, "चाचा, तुम्ही आता आराम करा."
कागद पुढं केले.

मी लई भांडले. तर मला म्हणतो, "आई, तुला कळत नाय. बिझनेस आहे."
बिझनेस! ज्याच्या खांद्यावर बसून मिरवणूक बघितली, त्यालाच आराम करायला सांगितलं.

शब्बीरभाईंनी काय केलं? चावी ठेवली, चप्पल घातली, गेले.

पुढं इलेक्शनच्या तोंडावर संज्यानं चॅनेल एका पुढाऱ्याला विकलं. पुढारी आपटला, त्यानं बाहेरच्या कंपनीला दिलं.
नाव तेवढं शेजार राहिलं. आता दिवसभर गुडघ्याचं तेल आणि प्लॉट.

आज सकाळी शब्बीरभाईंच्या नसीमचा फोन. रडत होती.
"मौसी, अब्बा गए. संजूभाई को बोलो ना, पट्टी लगा देंगे. दोपहर की नमाज के बाद ले जा रहे."

पोरीला अजून वाटतंय चॅनेल संज्याचंच आहे.

मी संज्याला धरलं. त्यानं पुढाऱ्याच्या माणसाला फोन केला, त्यानं कंपनीचा नंबर दिला. मी लावला, तिथं एक पोरगी बोलली.
"आजी, फोटो आणि डेथ सर्टिफिकेट मेल करा. व्हेरिफिकेशन होऊन उद्या संध्याकाळी स्लॉट मिळेल."
"बाई, उद्यापर्यंत मयत ठेवतात का?"
"सिस्टिम आहे, आजी."
"हे चॅनेल त्यांनीच काढलंय गं."
"असं माझ्या स्क्रीनवर दिसत नाही."

तिचा काय दोष. तिला कोण सांगणार.

दुपारी मी गेले. पुरुषमाणसं कब्रस्तानात गेली होती. गल्लीत गर्दीच नाय. ज्या माणसानं अख्ख्या उस्मानपुऱ्याच्या मयतांना माणसं गोळा केली, त्याच्या दारात मोजक्या चपला.

संज्या आला नाय. म्हणाला, "कुठल्या तोंडानं येऊ?"
तेच तोंड घेऊन मी गेले. माझंच आहे ते.

आत शब्बीरभाईंच्या बायको रझियाभाभी भिंतीला टेकून बसलेल्या. टीव्ही चादरीनं झाकलेला.
नसीम मला म्हणाली, "संजूभाई काम में होंगे मौसी. अब्बा हमेशा बोलते थे, मैंने अपने हाथ से संजू को चॅनेल दिया. घर में ही है."


काढून टाकलेल्या माणसानं लेकीला सांगितलं, मी दिलं. संज्याची लाज त्यांनी स्वतःच्या घरात झाकून ठेवली. इतकी वर्षं.

मी म्हणाले, "नाय गं नसीम. दिलं नाय. संज्यानं त्यांना काढलं. मग विकलं बी."

मी भाभींकडं बघितलं. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, दार दाखवावं, असं वाटत होतं. सोपं झालं असतं.

भाभी म्हणाल्या, "मेरेकू मालूम है, ताई. उनकू लगता था मेरेकू नै मालूम."

मग सरकल्या. बाजूला जागा केली.

"बैठो. लोगां कम हैं."

बसले. आत्ताच घरी आलेय.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरचं कुणी गेलं तेव्हा शब्बीरभाईंनी पट्टी लावली असंल, तर उद्या रझियाभाभींकडं जाऊन बसा. इमोजी टाकू नका. जा.

संज्या, तू पहिला.

शब्बीरभाई, या वहिनीचा शेवटचा सलाम. मान वर करून करता येत नाय, खाली घालूनच करते.