फॉइल लावलेल्या खिडक्या

भर उन्हाळ्यात ओमानमध्ये मोटरहोम भाड्याने घेणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर त्याचा व्हिसा संपत आलेला असतो. माझ्या डॅडींचा व्हिसा संपत आला होता. एसी मेकॅनिक म्हणून अर्धं आयुष्य या देशात गेलं आणि निघायची वेळ आली तेव्हा त्यांना कळलं की आपण साइट सोडून काही बघितलेलंच नाही. गाडीचा ओमानी मालक, इकडच्या भाषेत अर्बाब, चावी देताना हसत होता. "गर्मी मालूम है ना?"

"मालूम है, अर्बाब," डॅडी म्हणाले. "गर्मी में ही काम किया है."

मी वसईहून सुट्टी काढून आले होते. मम्मी गेली काही वर्षं मस्कतजवळ अल अमेरातच्या फ्लॅटमध्ये त्यांच्याबरोबर होती. त्याआधीची सगळी वर्षं ते दूर दक्षिणेला, दुक्म बंदराच्या कामगार कॅम्पात आणि आम्ही वसईत. इथे कुटुंब आणायची परवानगी पगार बघून मिळते. म्हणजे नवरा-बायकोने एकत्र राहणं ही वरच्या ग्रेडची सवलत! मी वसईत पाणी आणि टँकरच्या प्रश्नावर काम करते, पत्रकं लिहिते, बाजारात उभी राहून वाटते. सवलतीचं ते वाक्य पत्रकात असतं तर त्याखाली ठळक अक्षरांत मागणी आली असती. मी ते नाश्त्याच्या टेबलावर बोलून दाखवलं. डॅडी म्हणाले, "पत्रकं वसईत वाट. इथे ऑम्लेट खा."

या प्रवासाला मम्मीची एकच अट होती. दुक्मच्या खोलीची ती खिडकी तिला बघायची होती. दर शुक्रवारी, म्हणजे इकडच्या सुट्टीच्या दिवशी, डॅडींचा फोन यायचा आणि मम्मी विचारायची, "काय दिसतंय खिडकीतून?" ते म्हणायचे, "समुद्र. आज दोन बोटी आहेत." फोन ठेवल्यावर ती मला सांगायची, निदान समुद्र तरी आहे त्यांना, आपल्यासारखाच. मी शाळेत त्या खिडकीचं चित्रसुद्धा काढलं होतं.

"खिडकी दाखवणार ना?" तिने निघताना परत विचारलं.

"इन्शाल्ला," डॅडी म्हणाले. आखातात इतकी वर्षं काढलेला माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा असतो.

गाडी सुरू करण्याआधी डॅडींनी किचनमधला फॉइलचा रोल आणला आणि मागच्या सगळ्या खिडक्या आतून बंद करून टाकल्या. कोपरे दुमडून, टेप मारून, अगदी व्यवस्थित.

"डॅडी, आपण देश बघायला चाललोय ना?"

"पुढची काच आहे की. या एसीला दम नाही. ऊन आत आलं की संपलं."

एसीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालता येत नाही. मम्मी आणि मी मागे चांदीच्या डब्यात बसल्यासारख्या बसलो. वाटेत एका उद्यानात उतरलो. तिथे जमिनीत मोठं विवर आहे, तळाशी हिरवं पाणी. पायऱ्यांच्या कठड्याला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा भाजला. आमच्याशिवाय तिथे चिटपाखरू नव्हतं. सूरला लाकडी जहाजं बांधतात ते बघितलं, मम्मीने बाजारात सुरमई घेतली आणि कोळ्याशी हिंदीत भाव केला. परत गाडीत, परत काळोख.

सूर मागे पडल्यावर मम्मीने कांदा चिरता चिरता विचारलं, "अहो, हे फॉइलचं कुठे शिकलात?"

"दुक्मला," डॅडी स्टिअरिंगवरून म्हणाले. "सगळेच लावायचे. रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपणार कसं? फॉइल लावली की खलास, रात्र."

मम्मीची सुरी थांबली. "मग समुद्र कुठून दिसायचा?"

समोर सरळ, रिकामा रस्ता होता, पण जणू घाट लागलाय अशा नजरेने डॅडी त्याच्याकडे बघत राहिले.

दुक्मला पोचल्यावर त्यांनी गाडी आधी खडकांच्या उद्यानात नेली. वाऱ्याने कोरलेले दगड, भोवती कुंपण. हा उंटासारखा, हा अळंबीसारखा, इथून फोटो घे, तिथून घे. दगडांबद्दल एवढा उत्साह त्यांच्यात मी कधी बघितला नव्हता.

"दगड झाले बघून," मम्मी म्हणाली. "आता कॅम्प."

वॉचमनने आत सोडलं नाही. आम्ही कुंपणाबाहेर उभे राहिलो. एकसारख्या पांढऱ्या केबिनच्या रांगा, तारेवर वाळत घातलेले बॉयलर सूट आणि प्रत्येक खिडकीला आतून फॉइल. डॅडींनी बोट दाखवलं. "मागच्या रांगेतली, कोपऱ्यातली." तिच्यासमोर गोदाम होतं, गोदामापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे आणखी गोदामं. समुद्राचा पत्ता नव्हता.

मी फोन काढला.

"आत ठेव," डॅडी म्हणाले.

"का? माणसं कशी ठेवतात ते लोकांना कळायला नको?"

"काय कळायचंय? इथे मी राहिलो, जेवलो, झोपलो. मी तुझं पत्रक नाही."

मी फोन ठेवला. फोटो काढायला हवा होता, असं माझं आजही मत आहे. पण बोट दाखवणारा हात त्यांचा होता आणि खोलीही त्यांचीच.

मम्मीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. "एवढी वर्षं खोटं सांगितलंत?"

"तू विचारायचीस, काय दिसतंय. फॉइल दिसतेय, असं सांगू?"

ती कुंपणापासून गाडीकडे वळली. मग म्हणाली, "गाडी काढा. समुद्रावर घ्या."

किनाऱ्यावर तिने दोनदा गाडी मागेपुढे करायला लावली, टेबलाजवळची खिडकी बरोबर पाण्यासमोर येईपर्यंत. मग नखाने टेप उचकटून फॉइल काढली आणि काच सरकवली. दुक्मला उन्हाळ्यात जोराचा वारा असतो, समुद्र राखाडी आणि खवळलेला. वाऱ्याबरोबर वाळू आत आली. तिने भात आणि सुरमईचं कालवण वाढलं. जेवणाआधीची प्रार्थना झाली, तीही वाळू खातच.

"तुम्ही इथे बसा," तिने डॅडींना खिडकीशी बसवलं. मग शुक्रवारच्या फोनवरच्या आवाजात विचारलं, "काय दिसतंय?"

डॅडींनी घास खाली ठेवला. "समुद्र," ते म्हणाले. "दोन बोटी."

मम्मीने त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. "एकच आहे. नीट बघून सांगा."

त्यांनी नीट बघितलं. "एक," ते म्हणाले. "मोठी आहे."

परतीच्या वाटेवर त्या खिडकीला फॉइल लागली नाही. एसीला दम नव्हताच. मस्कतला पोचेपर्यंत आम्ही तिघंही घामाने निथळत होतो, आणि बाहेर काय दिसतंय ते मम्मी सारखी सांगत होती.