गौरीचं तिखट ताट

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. पण कोलशेतची आमची ही बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तिथं माझा बाप भात लावायचा. त्यामुळे इथं मान खाली घालून राहणं मला जमत नाही.

गेल्या वर्षी सोसायटीनं ठरवलं की घरोघरी गौरी नकोत, खाली हॉलमध्ये सगळ्यांची मिळून एकच बसवायची. सेक्रेटरी पुण्याकडचा. मीटिंगमध्ये म्हणाला, "लिफ्टमध्ये नमस्कार करून माणसं जवळ येत नाहीत. एका पंगतीला बसलं की मनातली अढी जाते. प्रत्येकानं आपापल्या रीतीचा नैवेद्य आणा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आमच्या आगरी घरात गौर माहेरपणाला येते, आणि माहेरी आलेल्या लेकीला खाडीच्या चिंबोऱ्यांशिवाय, म्हणजे खेकड्यांशिवाय, जेवू घालत नाहीत. बायकोनं कळव्याहून जिवंत चिंबोऱ्या मागवल्या, सकाळपासून वाटण वाटलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि नवं लुगडं नेसून ताट खाली नेलं. पुरणपोळ्यांच्या रांगेत ते ठेवायला ती वाकली, तर सेक्रेटरीची बायको ओरडलीच.

"अगंबाई! काकू, हे काय? देवीसमोर?"

"आमची रीत हाय ती. तुम्हीच म्हनले ना, आपापली आना?"

"रीत म्हणजे गोडातली हो!" सेक्रेटरी मध्ये आला. "काका, प्लीज, ताट तेवढं बाहेर ठेवा. सगळ्यांना चालत नाही."

बाहेर म्हणजे चपलांपाशी.

मी म्हटलं, "ताट हलणार नाय. कोणाला चालत नाय, त्यानं बोलावं."

एकजण म्हणाला, "आजोबा, जरा मन मोठं करा." म्हणजे मन मोठं करायचं तेही आम्हीच. बाकीच्यांतलं कोणी मोबाइल बघत होतं, कोणी रांगोळी. बायकोनंच ताट उचललं, वर पदर ओढला आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढली.

घरी तिनं देव्हाऱ्यापुढं ताट ठेवलं. नैवेद्य दाखवतोय तोच बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधली सातारची सून होती, हातात रिकामा डबा.

"काकू, आमच्या गावी पण गौरीला तिखटाचाच नैवेद्य असतो. इथं आल्यापासून करत नाही आम्ही. थोडं द्याल?"

मी विचारलं, "मघाशी खाली होतीस ना?"

"होते."

"मग तोंड का नाय उघडलं? तू एक बोलली असतीस तर ताट तिथंच राहिलं असतं."

"सगळे काय म्हणतील, काका..."

"सगळे म्हणजे कोण गं? तुझ्यासारखेच गप्प बसलेले!"

बायकोनं मला डोळ्यांनी दटावलं. "गप बसा. आज दारात आलेल्या बाईला रिकामी धाडू?" तिनं डबा काठोकाठ भरला, वर दोन भाकऱ्या ठेवल्या.

मी दारात उभा होतो. त्या सुनेनं आधी जिन्यात कोणी आहे का ते वाकून पाहिलं. मग डबा ओढणीखाली घेतला आणि समोरच्या दारात शिरली.