बॉनेटखालची पुरचुंडी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी बाकी बहुतेक सगळं सांगतो, म्हणजे तिला आधीच कळलेलं असतं ते सगळं. नव्वदच्या दशकात बहरीनमध्ये आमच्या कंपनीची जवळजवळ कोरी पिकअप भर रस्त्यात बसली. दोष माझ्या मित्रावर गेला. ती बसली माझ्यामुळे, आणि हे मला तिथल्या तिथे, बॉनेट उघडल्याबरोबर कळलं होतं.

आम्ही दोघं मनामामध्ये एका फ्लॅटमध्ये राहायचो. दोघांचीही कुटुंबं भारतात. मी पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनिअर. एसीच्या देखभालीची कामं कागदावर आखणं हे माझं काम. तो नागपूरचा, डिप्लोमावाला; तीच कामं उन्हात उभं राहून पुरी करून घेणं हे त्याचं. मी त्याला ‘नागपूरकर’ म्हणायचो, तो मला ‘पुणेकर’. अहो-जाहो करत एकमेकांचा अपमान करायची ती उत्तम सोय होती.

पिकअप आम्हा दोघांत एक होती. चालवायचा तोच, कारण तिथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी पुन्हा पुन्हा नापास होत होतो. गाडी पांढरी, जपानी, आणि इतकी नवी की सीटवरचं प्लॅस्टिकही मी काढू दिलं नव्हतं. त्या प्लॅस्टिकवर आमच्या पाठी शिजून निघायच्या, पण गाडी नवी राहत होती ना!

त्या वर्षी त्याचं सीनिअर सुपरवायझर व्हायचं चाललं होतं. पगारवाढीचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. त्या पदाबरोबर फॅमिली स्टेटस मिळायचा, म्हणजे बायको आणि मुलगी बहरीनला आणता यायची. मॅनेजर ‘इंशाल्ला’ म्हणाले होते. आखातात ‘इंशाल्ला’चा अर्थ माणूस बघून लावायचा असतो, नागपूरकराने तो ‘हो’ असा लावला आणि मुलीसाठी छोटी सायकल आणून हॉलमध्ये उभी केली. तिच्या हँडलवर मी टॉवेल वाळत घालायचो.

दसरा आला. आखातात सगळे सण शुक्रवारी येतात, कारण सुट्टी शुक्रवारी असते. पंचांगाने फार ताणू नये. बिल्डिंगमधल्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी खाली पार्किंगमध्ये गाड्यांची पूजा ठेवली. त्याच शुक्रवारी सलमाबादच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये नागपूरकराच्या मंडळींचा धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. ही मंडळी बौद्ध, विदर्भ-मराठवाड्यातली, कुणी फिटर, कुणी स्टोअरकीपर. खिरीची जबाबदारी त्याच्याकडे. मलाही आमंत्रण होतं.

मी पिकअपच्या बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढत असताना तो पांढराशुभ्र शर्ट घालून खाली आला.

“गाडीले कुंकू कायले लावता, पुणेकर? लग्न हाय का तिचं?”

“तुम्ही नका लावू. नुसता नमस्कार करा.”

“मी नाई करत. तुमी करा, माह्या वाटचाही करा. पन लवकर. खीर थंडी होऊन राहिली.” आणि तो पातेली आणायला वर गेला.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी हे सगळं ऐकलं आणि लिंबू चाकाखाली जरा जास्तच जोरात ठेवलं.

आता माझं शहाणपण सांगतो. आईने बहरीनला येणाऱ्या एका गृहस्थांबरोबर देवीची पुरचुंडी पाठवली होती: लाल कापडात सुपारी, हळकुंड आणि अक्षता. “नव्या गाडीत बांध,” असा निरोप. चारचौघांसारखी आरशाला बांधली असती तर काहीच बिघडलं नसतं. पण कंपनीच्या गाडीत काही लोंबकळलेलं मॅनेजरना चालायचं नाही. शिवाय मी पडलो इंजिनिअर. पुरचुंडी लोंबकळणाऱ्या गाडीतून साइटवर उतरायची मला लाज. देवीही हवी आणि कुणाला दिसायलाही नको, असा तोडगा पाहिजे होता. तो मी शोधला. बॉनेट उघडलं, फॅनच्या पट्ट्याशेजारी एक ब्रॅकेट होता, त्याला पिवळ्या दोऱ्याने पुरचुंडी बांधली. साधा सुती दोरा. फिरत्या पट्ट्याशेजारी. चार वर्षं मी यंत्रांचं शास्त्र शिकलो होतो, आणि पहिल्या वर्गात पास झालो होतो.

बॉनेट लावलं. नमस्कार केला, त्याच्या वाटचाही.

सलमाबादच्या वाटेवर उड्डाणपुलावर चढलो आणि पुढून फाटकन आवाज आला. पाठोपाठ काहीतरी खडखडलं. बॅटरीचा लाल दिवा लागला, काचेवर वाफ आली.

“काटा पाहा, काटा!” तो ओरडला. “वर चाल्ला!”

मी पाहिला. माझ्या डोळ्यांदेखत काटा लाल पट्टीकडे गेला. पुलावर थांबायला जागा नव्हती, मागून ट्रक हॉर्न देत होते. उतार संपल्याबरोबर त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्याच्या जागी कुणीही यापेक्षा वेगळं काही केलं नसतं. मी तर हँडब्रेकच शोधत बसलो असतो.

येणारीजाणारी गाडी थांबवायला तो रस्त्याकडे गेला. मी बॉनेट उघडलं. पट्टा तुटून लोंबत होता, फॅनचं एक पातं मोडून रेडिएटरमध्ये घुसलं होतं, पाणी सगळं खाली. आणि पुलीभोवती घट्ट गुंडाळलेलं लाल कापड, त्यात चेपलेलं हळकुंड. मी ते ओढून काढलं. बोटं भाजली. कापड पँटच्या खिशात गेलं. हे सगळं मी इतक्या झटपट केलं, की एवढी चपळाई ड्रायव्हिंग टेस्टला दाखवली असती तर लायसन्स मिळालं असतं.

“काय दिसलं जी?” तो परत येत म्हणाला.

“पट्टा तुटलाय. बाकी काही नाही.”

“नव्या गाडीचा पट्टा असा तुटत असते का?”

“मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट,” मी म्हणालो. खोटं बोलायचं तर इंग्रजीत सोपं जातं.

एका पठाणाच्या टेम्पोतून आम्ही पातेली घेऊन सलमाबादला पोचलो. वंदना झाली. मी शेवटच्या रांगेत मांडी घालून, डोळे मिटून बसलो. एका म्हाताऱ्या वेल्डरना तर मी फार एकाग्र वाटलो. नागपूरकर सगळ्यांना सांगत होता, “पुणेकर होते म्हनून पातेली टेम्पोत चढली, नाई तं खीर रस्त्यावरच राहिली असती.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला खिरीची दुसरी वाटी आग्रहाने देण्यात आली आणि मी ती खाल्ली. खिशाला आतून हळदीचा पिवळा डाग पडला होता. कापड त्याच रात्री कचऱ्यात गेलं, पँट दुसऱ्या दिवशी.

एजन्सीवाल्यांनी वॉरंटी नाकारली. पाणी संपलं असताना गाडी चालवली, म्हणून इंजिनाचं हेड वाकलं. यात गाडीचा दोष नाही, असं त्यांचं म्हणणं. मग दोष कुणाचा तरी असायला हवा. मॅनेजर मंगळूरचे, हिशेबाचे पक्के. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“तुम बाजू में बैठा था. सुई ऊपर गया तो वो रुका कि नहीं रुका?”

रुका, सर. लगेच रुका. एवढंच म्हणायचं होतं. पण त्यानंतरचा प्रश्न ‘मग पट्टा तुटला कसा’ हा असता, आणि त्याचं उत्तर माझ्या आईने पाठवलेलं होतं.

“सर, मैं बाहर देख रहा था.”

“बाहर क्या है? रेत है.”

“जी सर. रेत देख रहा था.”

मी त्याच्या बाजूने काही बोलत नाही, म्हणजे तो थांबलाच नव्हता, असा हिशेब त्यांनी मांडला. मग म्हणाले, “ठीक है. उसका फॅमिली स्टेटस अभी मफी.” मफी म्हणजे आखाती बोलीत ‘नाही’.

नोकरी माझी गेली नसती, हे आज कळतं असं नाही. तेव्हाही कळत होतं. फार तर दम मिळाला असता. मला भीती हसण्याची होती. ‘गाडीले कुंकू’ म्हणणारा तो माणूस खोली सोडेपर्यंत मला हसला असता, आणि त्याचं बरोबर असलं असतं. ते टाळण्यासाठी मी त्याच्या बायकोचा आणि मुलीचा व्हिसा खर्ची घातला.

बिल्डिंगमध्ये निकाल आधीच लागला होता. “नमस्कारसुद्धा केला नाही हो त्यांनी,” तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “त्या लोकांना कशाचं काही नसतं. मग गाडी बसणार नाही तर काय?”

मी “हं” म्हणालो. आजपर्यंत मी बरंच खोटं बोललो असेन, पण त्या ‘हं’इतकं घाण काही माझ्या तोंडून निघालेलं नाही.

मॅनेजरनी त्याला माझं उत्तर सांगितलं, त्या संध्याकाळी नागपूरकराने मला एवढंच विचारलं, “तुमी खरंच भाहीर पाहून राहिले होते?”

“हो.”

“काटा पाहा म्हनलो ना मी?”

“ऐकू आलं नाही. ट्रक हॉर्न देत होते.”

“बरं. नसन आलं ऐकू,” तो म्हणाला आणि भात लावायला उठला. माझ्याही वाटचा.

सायकल त्याने पुढे वहिनींच्या मुलीला देऊन टाकली. वहिनींनी घेतली. कराराची मुदत संपल्यावर तो नागपूरला गेला आणि एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझं कुटुंब दुसऱ्या वर्षी बहरीनला आलं. मला फॅमिली स्टेटस मिळाला होता. मॅनेजरच्या मते मी जबाबदार माणूस होतो.

मागल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. त्याने फोन करकरून बोलावलं. मांडवात बायकोला हाक मारून म्हणाला, “हे पुणेकर. गाडी बसली तवा माह्या बाजूले हेच होते.”

त्याची बायको, म्हणजे नागपूरच्या वहिनी, हसल्या. मनमोकळ्या बाई. म्हणाल्या, “भाऊजी, तुमी तरी सांगाचं होतं यायले, काटा पाहा म्हनून. यायचं लक्षच नसते कुठं. यायच्यापायी माहं बहरीन राहून गेलं.”

तो हसत होता. त्यांच्यासमोर इतकी वर्षं तो असाच हसत आला असणार. मीही हसलो आणि जेवायला बसलो.

त्याने काटा पाहिला होता. त्याने गाडी वेळेत थांबवली होती. पट्टा माझ्या पुरचुंडीने तुटला होता. त्याच्या बायकोला हे तोंडाने, तो समोर असताना सांगणं माझ्याकडे बाकी आहे. अजून सांगितलेलं नाही.